समाईक नावाचा दावा

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतील काही शहरांत ‘फ्लीटवुड मॅक’ या इंग्लिश बँडचे जलसे जाहीर झाले, तिकिटे खपली, आणि ठरलेल्या वेळी व्यासपीठावर जी मंडळी येऊन उभी राहिली त्यांपैकी एकाही वादकाचा त्या बँडच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेशी संबंध नव्हता. ज्या दोघांच्या आडनावांवरून हे नाव सिद्ध झाले होते ते ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बासगिटारवादक जॉन मॅकव्ही त्या दौऱ्यात नव्हतेच. मूळ मंडळींचा आदल्या वर्षीचा अमेरिकन दौरा आपसांतील बेबनावामुळे अर्ध्यावर मोडला होता. तेव्हा बँडचे व्यवस्थापक क्लिफर्ड डेव्हिस यांनी हे नाव आपल्या मालकीचे आहे अशी भूमिका घेऊन निराळेच वादक जमविले आणि त्यांना त्या नावाखाली दौऱ्यावर रवाना केले. फ्लीटवुड स्वतः पुढे येऊन आपल्याला मिळणार आहेत अशी आपली समजूत करून देण्यात आली होती, असे त्या वादकांनी मागाहून सांगितले. ज्यांनी ध्वनिमुद्रिका वारंवार ऐकल्या होत्या आणि वेष्टनांवरील छायाचित्रे न्याहाळली होती, अशा प्रेक्षकांना मात्र फसगत उमगण्यास वेळ लागला नाही, आणि काही ठिकाणी तिकिटांचे पैसे परत करण्याची पाळी आली.

मूळ मंडळींनी न्यायालयात धाव घेतली, तो दौरा मोडला, आणि पुढे तडजोड होऊन नाव त्यांच्याचकडे राहिले. जमविलेल्या वादकांपैकी काहींनी ‘स्ट्रेच’ या नावाने नवा बँड काढला, आणि १९७५ मध्ये त्यांचे जे गाणे इंग्लंडात गाजले त्यात मिक फ्लीटवुड यांना उद्देशून ‘असे का केलेस?’ असा सवाल होता. मूळ बँडची १९७७ मधील ‘रूमर्स’ ही ध्वनिमुद्रिका तर जगातील सर्वाधिक खपाच्या ध्वनिमुद्रिकांत गणली जाते. म्हणजे १९७४ साली जिच्यासाठी भांडण झाले त्या मालमत्तेची खरी किंमत ठरण्याला अजून तीन वर्षांचा अवकाश होता. एका व्यवस्थापकाला ते नाव आपले वाटले, वादकांना ते आपले वाटले, आणि या दोन दाव्यांचा निवाडा करील असा एकही स्पष्ट करारनामा कोणाच्या दप्तरात नव्हता.

करारनामा का नसतो, हे समजणे कठीण नाही. चार-पाच तरुण कोणाच्या तरी घरच्या मागच्या खोलीत जमतात, वाद्ये उसनी आणतात, आठवडाभर नावांची यादी करून त्यातले एक पसंत करतात, आणि त्या दिवशी त्या नावाला बाजारात कवडीचीही किंमत नसते. पुढे दहा वर्षांनी त्याच मंडळींच्या संसाराकडे पाहावे, तर गाण्यांचे स्वामित्व ज्याने ती रचली त्याचे किंवा त्याच्या प्रकाशकाचे असते, ध्वनिमुद्रणांचे हक्क बहुधा कंपनीकडे गहाण पडलेले असतात, वाद्ये ज्याची त्याची असतात. सर्वांनी मिळून कमावलेली आणि कोणाच्याही एकट्याच्या नावे न लागलेली अशी एकच वस्तू शिल्लक असते, ती म्हणजे बँडचे नाव. परगावच्या माणसाला तिकिटाच्या खिडकीपर्यंत खेचून आणण्याचे सामर्थ्य याच वस्तूत साठलेले असते. मंडळी एकत्र आहेत तोवर तिच्या मालकीचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. फूट पडली की दुसरा कोणताच प्रश्न उरत नाही.

नाव ही लेखनस्वामित्वाच्या कायद्याखाली येणारी वस्तू नव्हे. एखाददुसऱ्या शब्दाला ग्रंथाचे किंवा गीताचे संरक्षण मिळत नाही. म्हणून हे तंटे व्यापारचिन्हांच्या कायद्याकडे जातात. त्या कायद्याचे दोन दरवाजे आहेत. एक नोंदणीचा: निबंधकाकडे अर्ज करावा, हरकती मागविल्या जाव्यात, आणि हरकत टिकली नाही तर दाखला मिळावा. दुसरा दरवाजा नोंदणीहून पुष्कळ जुना आहे. ज्याने एखाद्या नावाखाली धंदा करून लोकांत नावलौकिक मिळविला, त्याच्या नावाखाली दुसऱ्याने आपला माल खपविला आणि त्यामुळे पहिल्याचे नुकसान झाले, तर कागदाचा एक तुकडाही हाती नसताना पहिल्याला मनाई हुकूम मागता येतो. नावलौकिक, खोटा देखावा आणि नुकसान या तीन गोष्टी त्याने शाबीत केल्या म्हणजे पुरे. सामान्य माणसाची समजूत अशी असते की दाखला ज्याच्या हाती तो मालक. बँडच्या नावांच्या बाबतीत या समजुतीने जितके अनर्थ घडविले तितके दुसऱ्या कशानेही घडविले नसतील, असे माझे मत झाले आहे, आणि त्याला सर्वांत भक्कम आधार ‘सॅक्सन’ या बँडच्या खटल्यात सापडतो.

इंग्लंडच्या साऊथ यॉर्कशायर भागात, बार्नस्लीच्या कोळसाखाणींच्या मुलखात, १९७० नंतरच्या दशकात हा बँड उभा राहिला. आरंभीचे त्याचे नाव एक शिवीवजा इंग्रजी शब्दप्रयोग होते; १९७८ च्या सुमारास ते टाकून त्यांनी ‘सॅक्सन’ हे नाव घेतले, आणि १९८० मधील ‘व्हील्स ऑफ स्टील’ या ध्वनिमुद्रिकेने ते हेवी मेटलच्या चाहत्यांत घरोघर पोचले. पीटर बायफर्ड गाणारे (चाहते त्यांना बिफ म्हणून ओळखतात), ग्रॅहम ऑलिव्हर गिटारवर, स्टीव्ह डॉसन बासवर. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर डॉसन बाहेर पडले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी ऑलिव्हर यांनीही बँड सोडला. बायफर्ड एकही दिवस न सोडता राहिले. वादक येत गेले, जात गेले, ध्वनिमुद्रिका निघत राहिल्या, दौरे होत राहिले. आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असे झाले की बाहेर पडलेल्या दोघांनी, म्हणजे ऑलिव्हर आणि डॉसन यांनी, ‘सॅक्सन’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. नोंदणीचा दाखला हाती असणाऱ्याला इतरांस त्या नावाचा वापर करण्यापासून रोखता येते. तेव्हा जो गायक वीस वर्षे अखंड त्या नावाखाली उभा होता त्याच्याच डोक्यावर त्याच नावाची तलवार टांगली गेली.

बायफर्ड यांनी नोंदणी रद्दबातल करण्यासाठी अर्ज केला, आणि पहिल्या पायरीवर ते हरले. निबंधकाच्या वतीने सुनावणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा विचार वरवर पाहता न्याय्यच दिसतो. हे नाव मूळ मंडळींनी मिळून कमावले. त्यात ऑलिव्हर आणि डॉसन यांचाही वाटा होता. मग ज्याचा वाटा आहे त्याने ते वापरले तर त्यात लबाडी कोणती? समाईक विहिरीवर प्रत्येक हिस्सेदाराला आपली मोट चालविता येते, तसे काहीसे हे तत्त्व होते. न्यायमूर्ती ह्यू लॅडी यांनी अपिलात फेब्रुवारी २००३ मध्ये हे तत्त्व मुळापासूनच उखडून टाकले, आणि ते ज्या मुद्द्यावर उखडले तो मुद्दा सर्व वादकांनी, नटांनी आणि कोणत्याही फिरत्या मंडळीच्या सभासदांनी समजून घेण्याजोगा आहे.

लॅडी यांच्या विवेचनाचा सारांश असा. चार माणसे नफ्यासाठी एकत्र धंदा करू लागली की कागद असो वा नसो, इंग्लंडच्या १८९० च्या कायद्याप्रमाणे ती भागीदारी होते. बँड हीही एक भागीदारीच. भागीदारीच्या मालमत्तेतील कोणतीही वस्तू कोणाही भागीदाराच्या मालकीची नसते. ती पेढीची असते. पेढी मोडली तर भागीदाराला इतकाच हक्क राहतो की मालमत्ता विकून, देणी फेडून, जे उरेल त्यात आपला हिस्सा मागावा. नाव आणि त्याचा नावलौकिक या वस्तू यास अपवाद नाहीत. टेबल-खुर्ची उचलून ‘हा माझा वाटा’ असे म्हणण्याचा जसा भागीदाराला अधिकार नाही, तसा नाव उचलून नेण्याचाही नाही. तेव्हा या खटल्यात दोनच शक्यता संभवतात. एक तर नाव अजूनही त्या पहिल्या, मोडलेल्या पेढीचेच आहे. तसे असेल तर ऑलिव्हर, डॉसन किंवा बायफर्ड यांपैकी कोणीही एकटा त्याचा मालक नाही. नाही तर बाहेर पडणाऱ्यांनी आपला संबंध सोडून दिला, आणि बायफर्ड व त्यांच्याबरोबर पुढे वाजविणारे यांच्या नव्या पेढीने इतक्या वर्षांत स्वतःचा स्वतंत्र नावलौकिक निर्माण केला. मग नाव त्या नव्या पेढीचे. यांपैकी कोणतीही शक्यता खरी धरली, तरी जे दोघे केव्हाच बाहेर पडले होते त्यांच्या वैयक्तिक नावावर ती नोंदणी टिकू शकत नव्हती. ती रद्द झाली.

या निवाड्याचा मोठेपणा मला असा वाटतो की ‘खरा सॅक्सन कोणता’ या भावनिक प्रश्नात न्यायमूर्ती शिरलेच नाहीत. पहिल्या पाचांत कोण होते, उत्तम गाणी कोणाची, श्रोत्यांच्या काळजाला कोण भिडते, या गोष्टींवर मालकी ठरवू लागल्यास प्रत्येक चाहत्याचा कौल निराळा पडेल. न्यायालयाने केवळ असे विचारले की ही कीर्ती कोणाच्या खात्यावर जमा झाली, आणि ते खाते केव्हा बंद झाले. वादकांसाठी त्यांनी एक रोकडा सल्लाही दिला. वकिलांच्या पेढ्यांत ज्याप्रमाणे एक भागीदार निवृत्त झाला तरी पेढी चालू राहते, नाव उरलेल्यांकडे राहते आणि जाणाऱ्याने ते वापरू नये, असे आधीच लिहून ठेवलेले असते, त्याप्रमाणे बँडनेही लिहून ठेवावे. आपल्याकडे १९१३ साली बालगंधर्व, गणेशपंत बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून निघाले तेव्हा, प्रेक्षकांचे सर्वांत मोठे आकर्षण त्यांच्याबरोबर जात असतानाही, जुने नाव जुन्या मंडळीकडेच राहिले आणि नवी मंडळी ‘गंधर्व’ या नव्या नावाने उभी राहिली. लॅडी यांना वादकांकडून जी शिस्त हवी होती ती हीच. ऑलिव्हर आणि डॉसन पुढे ‘ऑलिव्हर/डॉसन सॅक्सन’ अशा जोडनावाने कार्यक्रम करू लागले.

जोडनाव हा उपाय नेहमीच पचतो असे मात्र नाही. ‘विशबोन अ‍ॅश’ हा १९६९ सालचा बँड. त्यातील गिटारवादक अँडी पॉवेल यांनी ते नाव चालू ठेवले आणि नोंदवूनही घेतले होते, आणि एकेकाळचे त्यांचे सहकारी मार्टिन टर्नर ‘मार्टिन टर्नर यांचा विशबोन अ‍ॅश’ असे म्हणून कार्यक्रम करीत होते. २०१३ मध्ये इंग्लिश न्यायालयाने टर्नर यांना तसे करण्यास मनाई केली. नावाआधी आपले नाव लावले तरी पाठीमागचा गाभा तोच राहतो आणि जाहिरातीवर नजर टाकणारा माणूस त्या गाभ्याकडेच पाहतो, ही यामागील व्यवहाराची बाजू. टर्नर हे बँडच्या संस्थापकांपैकी एक, त्याच्या प्रसिद्ध काळातील गायक. अशा माणसाला उतारवयात स्वतःच्या तारुण्याच्या नावापासून दूर उभे करणारा निकाल कायद्याने बरोबर असला तरी तो वाचताना मन अस्वस्थ होते, हे मी लपवू इच्छीत नाही.

त्याच २०१३ मध्ये ‘द अ‍ॅनिमल्स’ या नावाचा निकाल लागला, आणि तो सॅक्सनच्या तत्त्वाला निराळ्या बाजूने पुष्टी देतो. न्यूकॅसलच्या पाच तरुणांचा हा बँड: एरिक बर्डन, अ‍ॅलन प्राइस, हिल्टन व्हॅलेंटाइन, चॅस चँडलर आणि जॉन स्टील. १९६४ मध्ये ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’ हे एक जुने लोकगीत त्यांनी अशा ढंगाने म्हटले की अटलांटिकच्या दोन्ही काठांवर ते पहिल्या क्रमांकावर गेले. दोनच वर्षांत मंडळी फुटली. पुढे दोनदा, अखेरचे १९८३ साली, पाचही जण पुन्हा एकत्र आले आणि पुन्हा पांगले. २००४ साली ड्रमवादक स्टील यांनी हे नाव आपल्या एकट्याच्या नावे नोंदविण्यासाठी अर्ज केला. बर्डन यांनी हरकत घेतली, ती आरंभी फेटाळली गेली, आणि अपिलात जेफ्री हॉब्स यांनी ती मान्य केली. इतक्या वर्षांच्या खंडानंतरही त्या नावाचा नावलौकिक विझलेला नव्हता, कारण गाणी वाजत होती, ध्वनिमुद्रिका खपत होत्या. आणि तो नावलौकिक पाचांनी मिळून कमावलेला असल्यामुळे त्यातील एकाने बाकीच्यांच्या संमतीवाचून तो आपल्या नावे चढविणे अयोग्य होते. वृत्तपत्रांनी हा बर्डन यांचा विजय म्हणून छापला. तो विजय होताच. परंतु एकाचा अर्ज नामंजूर झाला म्हणजे हरकत घेणारा एकटा मालक ठरतो असे नव्हे, आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा भेद हरवला.

मंडळी पांगली, तिने नाव टाकून दिले, अशी खुशाल समजूत करून घेऊन बाजार काय करतो, याचा दाखला ‘द झोंबीज’ या इंग्लिश बँडच्या बाबतीत मिळतो. हा बँड १९६७ च्या अखेरीस मोडला, आणि त्याचे एक गाणे १९६९ मध्ये अमेरिकेत अचानक गाजले. मागणी आली, पण बँड अस्तित्वातच नव्हता. मग मिशिगनमधील एका व्यवसायसंस्थेने स्थानिक वादकांना ‘झोंबीज’ म्हणून गावोगाव फिरविले. टेक्सासमधील अशा एका तोतया संचात वाजविणारे डस्टी हिल आणि फ्रँक बियर्ड हे पुढे ‘झी झी टॉप’ या स्वतःच्या बँडमुळे जगप्रसिद्ध झाले. १९८० मध्ये ‘डीप पर्पल’चा पहिला गायक रॉड इव्हान्स यालाच पुढे करून एक नवा संच त्या नावाने अमेरिकेत कार्यक्रम करू लागला, तो तोतया म्हणावा तर तो स्वतः पहिल्या तीन ध्वनिमुद्रिकांवर गायलेला होता! न्यायालयाने हे मानले नाही, आणि ६,७२,००० डॉलरची भरपाई ठोठावली. एकेकाळी सभासद असणे आणि आज नावाचा हक्क असणे, यांतील अंतर इतक्या महाग भावाने क्वचितच कोणाला शिकावे लागले असेल.

‘पिंक फ्लॉइड’चे प्रकरण न्यायालयात शेवटापर्यंत गेले नाही, पण त्यातील प्रश्न सर्वांत गहन आहे. रॉजर वॉटर्स डिसेंबर १९८५ मध्ये बाहेर पडले. बँडची पुष्कळशी रचना त्यांची, ‘द वॉल’ची कल्पना त्यांची, त्यांचे म्हणणे असे होते की माझ्यावाचून ही मंडळी निर्मितीच्या दृष्टीने संपली आहे, तेव्हा नाव कोणीच वापरू नये, ते सन्मानाने मिटवावे. डेव्हिड गिल्मर आणि निक मेसन यांना हे मान्य नव्हते. १९८६ च्या शरद ऋतूत वॉटर्स यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच १९८७ च्या सप्टेंबरात उरलेल्यांची नवी ध्वनिमुद्रिका त्याच नावाने निघाली आणि खपलीही. अखेर त्या वर्षाच्या नाताळाच्या तोंडावर, थेम्स नदीवर नांगरलेल्या गिल्मर यांच्या ‘अ‍ॅस्टोरिया’ या घरनौकेवर तहनामा झाला: नाव गिल्मर आणि मेसन यांचे, ‘द वॉल’ वॉटर्स यांचे. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत वॉटर्स यांनी आपली भूमिका चुकीची होती अशी कबुली दिली. एखाद्या सामूहिक नावाला एकाच माणसाच्या प्रतिभेपुरते आयुष्य असावे, ही त्यांची मूळ मागणी एका कलावंताची म्हणून मला समजते. पण ज्या नावावर दुसऱ्यांनीही वीस वर्षे घाम गाळला आहे, त्याला मूठमाती देण्याचा अधिकार एकट्याला कायदा देत नाही, आणि देऊही नये.

अमेरिकेतील न्यायालये हाच प्रश्न थोड्या निराळ्या रीतीने सोडवितात. ‘न्यू एडिशन’ हा बोस्टनच्या पाच कृष्णवर्णीय मुलांचा गट. त्यांना पुढे आणणारे निर्माते मॉरिस स्टार आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांचा दावा असा की ही कल्पनाच आमची, मुले केवळ तिचे वाहक. १९८६ मध्ये न्यायाधीश झोबेल यांनी दोन प्रश्न विचारले: या नावाने श्रोत्याच्या मनात कोणता गुण उभा राहतो, आणि त्या गुणावर ताबा कोणाचा आहे? श्रोते ज्या आवाजांसाठी आणि ज्या मुलांसाठी येत होते ती मुले बदलण्याजोगी नव्हती; म्हणून नाव मुलांचे. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘व्हिटो अँड द सॅल्युटेशन्स’ या गटाच्या बाबतीत उलट निर्णय झाला होता, कारण त्यातले गायक वर्षानुवर्षे बदलत राहिले आणि आरंभापासून टिकून राहिलेला माणूस व्यवस्थापक हाच होता. दोन्ही निर्णय मला सुसंगत वाटतात. पोर्तो रिकोतील ‘मेनुडो’ हा मुलांचा गट तर अशाच योजनेने काढलेला होता की मुलगा ठरावीक वयाचा झाला की तो बाहेर पडावा आणि दुसरा आत यावा. तेथे नाव हे संस्थेचेच असणार, हे आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी ठाऊक असे.

व्यवस्थापकाच्या हाती नाव गेल्याने काय होऊ शकते हे ‘द प्लॅटर्स’च्या कथेत दिसते. ‘ओन्ली यू’ हे १९५५ मधील गीत ज्यांनी गायले तो हा लॉस एंजेलिसचा गट. त्यांचे व्यवस्थापक बक रॅम यांनी १९५६ मध्ये ‘फाइव्ह प्लॅटर्स’ नावाची कंपनी स्थापन केली, गायकांनी नावावरील आपले हक्क तिच्या भागभांडवलाच्या बदल्यात तिला लिहून दिले, आणि पुढे भाग रॅम यांच्याकडे जमत गेले. १९७४ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ही कंपनी नाव हडपण्यासाठी उभारलेला निव्वळ बहाणा होती असे ठरविले. परंतु तोवर आणि त्यानंतरही त्या नावाचे संच जागोजागी गात राहिले, आणि संस्थापकांपैकी हर्ब रीड २०१२ साली मृत्यू येईपर्यंत दाव्यांमागून दावे लढत राहिले. त्यांच्या कंपनीच्या दाव्यात २०१३ मध्ये अपील न्यायालयाने आणखी एक अट घातली: खटल्याच्या मध्यावर मनाई हुकूम हवा असेल तर भरून न येणारे नुकसान गृहीत धरता येणार नाही, ते पुराव्याने दाखवावे लागेल. ज्याचे नाव रोज रात्री दुसरा वापरतो आहे, त्या म्हाताऱ्या गायकाला हे सांगणे किती कठोर आहे! अशाच गायकांच्या कळकळीतून, ‘सुप्रीम्स’च्या मेरी विल्सन आणि ‘शा ना ना’चे जॉन बाउमन यांच्या खटपटीने, अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत ‘संगीतातील सत्य’ या अर्थाचे कायदे झाले. मूळ ध्वनिमुद्रणातील निदान एक सभासद संचात असावा, किंवा नावाची मालकी कायदेशीर असावी, किंवा हा मूळ बँडला वाहिलेला मानवंदनेचा कार्यक्रम आहे असे जाहिरातीत स्पष्ट म्हणावे, असा त्यांचा आशय आहे. या कायद्यांनी तिकीट काढणाऱ्याला पक्षकार नसतानाही खटल्यात जागा दिली, म्हणून मी त्यांना फार मोलाचे समजतो.

दक्षिण कोरियात, जिथल्या गायकवृंदांचे वेड आज पुण्या-मुंबईच्या शाळकरी मुलांनाही लागले आहे, प्रश्न आरंभीच सुटलेला असतो: गट कंपनी घडविते, नाव कंपनी नोंदविते. म्हणूनच २०१६ मध्ये ‘बीस्ट’ या गटातील गायक आपली कंपनी सोडून निघाले तेव्हा नाव मागे राहिले, आणि पुढच्या वर्षी तीच मंडळी ‘हायलाइट’ या नव्या नावाने रंगमंचावर आली. १९९८ मधील ‘शिनहवा’ या गटाने मात्र हार मानली नाही. वर्षानुवर्षांच्या तंट्यानंतर २०१५ मध्ये त्यांनी आपले नाव मिळविलेच.

भारतातील बँडना हा कायदा दूरचा वाटण्याचे कारण नाही. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिल येथे आहे. करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी ४१ वा, ध्वनिमुद्रणांसाठी ९ वा आणि टी-शर्टांसाठी २५ वा वर्ग असून एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क पडते, आणि नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करता येते. १९९९ च्या कायद्याचे ३४ वे कलम आधीपासून नाव वापरणाऱ्याला मागाहून नोंदणी करणाऱ्यापासून वाचविते, आणि २७ वे कलम नोंदणी नसतानाही तोतयेगिरीविरुद्ध दावा लावण्याचा जुना हक्क शाबूत ठेवते. २४ व्या कलमाप्रमाणे अनेकांच्या नावे संयुक्त नोंदणी होऊ शकते, पण ती अशा अटीवर की त्यांपैकी कोणीही ते चिन्ह सर्वांच्या वतीनेच वापरील, एकट्यासाठी नाही. आणि लॅडी यांनी सॅक्सनच्या खटल्यात ज्या तत्त्वाचा आधार घेतला त्याच जातीचे तत्त्व आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ५३ व्या कलमात लिहिलेले आहे: पेढी मोडल्यावर, वेगळा करार नसेल तर, हिशेब पुरता मिटेपर्यंत कोणताही भागीदार दुसऱ्या भागीदाराला पेढीच्या नावाने तसाच धंदा करण्यापासून किंवा तिची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यापासून रोखू शकतो, अपवाद इतकाच की ज्याने नावलौकिक रीतसर विकत घेतला असेल त्याचा नाव वापरण्याचा हक्क अबाधित राहतो. म्हणजे पुण्यातल्या किंवा पणजीतल्या चार मुलांनी आज करारावाचून बँड काढला आणि उद्या त्यांचे फाटले, तर गिटारवादकाला गायकाविरुद्ध आणि गायकाला गिटारवादकाविरुद्ध एकाच कलमाखाली मनाई हुकूम मागता येईल, आणि हिशेब मिटेतोवर दोघांनाही त्या नावाने व्यासपीठावर पाऊल ठेवता येणार नाही.